रांगोळीच्या भिंती

रविवारी सकाळी आमच्या प्लॉटवर गेले होते, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पुढे. विकायचाच म्हणून. एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार होता आणि पुण्याहून मुलाचे सारखे मेसेज... आई, आज फायनल करून टाक.

हा प्लॉट आम्ही दोघांनी नोकरीत असताना घेतला. तेव्हा तिथं नुसत्या बाभळी होत्या, लोक हसले होते. आता भाव असे चढलेत की ज्याला विकायचं नाही त्यालाही स्वस्थ बसवत नाही.

पोचले तर प्लॉटवर एक जोडपं डबा उघडून बसलेलं. आणि त्यांच्याभोवती जमिनीवर रांगोळीनं आखलेलं अख्खं घर... खोल्या, मोरी, दारांची जागा तेवढी मोकळी सोडलेली.

मी आवाज चढवूनच विचारलं, कोणाला विचारून बसलात? नवरा गडबडून उठला. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, इथंच गावात भवानी पेठेत एका खोलीत भाड्यानं राहतात, हप्त्यावर प्लॉट घेतलाय म्हणाला. हद्दीचे दगड मोजताना चुकला होता. त्यांचा प्लॉट मागच्या ओळीत, नाल्याकडचा.

बायको त्यालाच म्हणाली, "तरी म्हनलं, नाला एवढा लांब कसा काय सरकला."

बांधकाम परवडत नाही. तोवर सुट्टीच्या दिवशी यायचं, घर आखायचं, पुढच्या वेळी खोल्या बदलायच्या... हा त्यांचा उद्योग.

तेवढ्यात एजंटची गाडी आली. गिऱ्हाईकानं आमच्या ओळीतले बाकीचे प्लॉट आधीच घेतलेले. बांधायचं काही नाही, दोन-तीन वर्षं ठेवायचे आणि काढायचे. तो फोनवर बोलत सरळ चालत आला... मोरीतून, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून. बुटाखाली रेघ फिसकटली.

जोडप्याची हकीकत कळल्यावर त्यांनाही म्हणाला, तुमचाही देऊन टाका, चांगला भाव देतो. बायको डब्याला झाकण लावत म्हणाली, "आमी ऱ्हायला घेतलाय की."

एवढंच. मला मात्र ते टोचलं. आम्हीही राहायलाच घेतला होता... कधी विसरलो?

एजंटला म्हटलं, आज नाही. मग कधी, म्हणाला. तेही माहीत नाही म्हटलं. दोघं तोंड वाकडं करून गेले.

जोडपं घाईघाईनं रांगोळी झाडायला लागलं. मी म्हटलं, राहू द्या, आधी जेवून घ्या. "मग आत या की काकू," बायको म्हणाली. आणि काय सांगू... मी वळसा घालून दारातूनच आत गेले. रेघ ओलांडायला पाय धजेना. तिच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन निघाले.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, आपलं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला येणार होतं? पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पूर्वेला. तूच म्हणाली होतीस, सकाळचं ऊन पाहिजे."

एजंटचे फोन चालू आहेत, मुलगा रुसलाय. निर्णय झालेला नाही आणि जीव थाऱ्यावर नाही. पण त्या बाईचे आभार... तिनं मला माझ्याच जागेत दारातून आत घेतलं.