वकिलांच्या मखरातली ढाल

ती घटना आठवली की अजूनही मान खाली जाते. माझे यजमान रत्नागिरीत फौजदार होते. आता निवृत्त झालेत, नजर अधू झाली आहे. नोकरीतल्या हकिकती ते सांगतात आणि मी लिहून घेते. दरोडे, मारामाऱ्या, फरारी माणसं, सगळं रंगवून सांगतात. ही एक मात्र अडखळत सांगितली. यातलं थोडं मी स्वतःही पाहिलेलं आहे.

गावात फुटबॉलचा क्लब होता. मोठ्या लढाईवरून परतलेल्या एका शिपायाने चेंडू आणला आणि कचेरीतले कारकून, मास्तर, आमच्या पोलीस लायनीतले शिपाई सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, अनवाणी खेळू लागले. आधी नुसती हौस होती. मग बाहेरगावच्या टीमा येऊ लागल्या, हरणं जिव्हारी लागू लागलं, तेव्हा कमिटीने पैसे देऊन खेळाडू आणायला सुरुवात केली.

बुरोंडीचा गोलकीपर असाच आलेला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, तेव्हा सामन्यामागे मजुरी आणि दोन वेळचं जेवण यावर तो खेळायचा. क्लबाच्या खोलीतच झोपायचा, किल्ली त्याच्याकडे असायची. जाळी ओढून तयार झालेले त्याचे हात. त्या हातांमुळे क्लबाने चांदीची ढाल जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. जेवायला मात्र त्याचं पान पडवीत मांडलं, कारण तो पगारी. यजमानही कमिटीवर होते. अध्यक्ष होते गावातले एक बडे वकील.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या तरी शेवटच्या सामन्यासाठी तो थांबला. सामना झाला आणि गणपतीसाठी तो घरी निघाला. त्याच सकाळी सेक्रेटरी धावत ठाण्यात आले. ढाल जागेवर नाही! फिर्याद लिहून घेतली, खोलीचा पंचनामा झाला. कडी तुटलेली नव्हती, कुलूप शाबूत. तेवढ्यात एका दुकानदाराने खबर दिली की गोलकीपर बोचकं घेऊन होडीच्या तरीकडे गेला. हवालदाराने त्याला होडीत चढताना धरून आणलं. बोचक्यात निघालं काय, तर कापूर, उदबत्त्या आणि मखराला लावायचे रंगीत कागद.

यजमानांनी पहिलाच प्रश्न केला, "ढाल कुठं आहे?"

तो म्हणाला, "वकीलसायबांनी नेलीन. गणपतीच्या मागं लावतो म्हणाले. मी सांगत होतो, सेक्रेटरीसायबांस इचारतो. ऐकलं नाय त्यांनी."

यजमानांनी त्याच्या थोबाडीत मारली. अध्यक्षांचं नाव घेतो!

हवालदार म्हणाला, "साहेब, पैसे घेऊन खेळणारा माणूस. तो काय खरं बोलणार?" मग त्याच्याकडे वळून, "काय रे, कोणाला विकलीस? सोनाराकडे गेलास का परस्पर?"

"मी कशाला सोनाराकडं जाव? वकीलसायबांस इचारा ना. घर काय लांब हाय?"

घर खरंच लांब नव्हतं. ठाण्याच्या पायरीवरून त्यांचं कौलारू छप्पर दिसे. पण दुसऱ्या दिवशी चतुर्थी. गणपती बसणार त्या घरात फौजदाराने चौकशीला जायचं कसं? यजमान मला म्हणाले, "तिथं जायचं अवघड वाटलं. त्यापेक्षा छडी सोपी होती." त्यांनी त्याला हात पुढे करायला सांगितलं. त्याने दोन्ही तळवे जोडून पुढे केले, चेंडू धरायला करतात तसे. सवयीने केले असतील. यजमान मला आजही तसेच करून दाखवतात आणि मग हात मांडीखाली घेतात.

चतुर्थी त्याची कोठडीत गेली. ठाण्यामागच्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत छडीचा आवाज येत होता. मी मोदक करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वकिलांकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांच्या पत्नीने कौतुकाने पुढे बोलावलं. "या फौजदारीणबाई, आमचं मखर बघा!" गणपतीच्या मागे प्रभावळीसारखी ढाल लावलेली.

मी विचारलं, "क्लबाची का हो ही?"

"हो तर! यांनीच आणली. तो बुरोंडीचा गोली देईना म्हणे. हे म्हणाले, अध्यक्ष मी की तू? मग दिलीन."

कुंकू लावून मी तशीच उठले. प्रसादही घेतला नाही. घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते लगेच उठले. टोपी घातली आणि वकिलांकडे गेले.

वकील हसले. म्हणाले, "फिर्याद झाली हे कळलं मला. म्हटलं, मखरातून आत्ता काय काढायची? विसर्जन झालं की सांगणारच होतो. त्याला काय, ढाल सापडली की तुम्ही सोडणारच!"

कागदोपत्री गैरसमज म्हणून प्रकरण मिटलं. यजमानांनी स्वतः कोठडी उघडली. गोलकीपरच्या उजव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं होऊन वाकलं होतं. यजमान म्हणाले, "बस, चहा घे."

तो म्हणाला, "चहा नको. आमचा दीड दिवसाचा असतो. मूर्ती दरवर्षी मीच आणतो. कोणी आणलीन असंल तर आज गेला असंल."

बोचकं उचलून तो चालू लागला. रंगीत कागद तिथेच राहिले.

पुढच्या पावसाळ्यात क्लबाने त्याला बोलावणं पाठवलं. निरोप आला, बोट मिटत नाही, जाळंही नीट धरता येत नाही. मुंबईहून दुसरा गोलकीपर आणला, तो टिकला नाही. हळूहळू सामने बंद झाले, सड्यावर गुरं चरू लागली. ढाल अजून वकिलांच्या दिवाणखान्यात आहे. क्लब उरला नाही, मग परत मागणार कोण?

यजमान म्हणतात, पोलिसाला सत्य शोधावं लागतं असं लोक समजतात. पुष्कळदा ते समोर येऊन बसलेलं असतं. आपल्यालाच एखाद्या दारात जाऊन विचारायचा संकोच वाटतो, आणि त्या संकोचाची किंमत दुसरा कोणी भरतो.

शेवटी काय लिहू, असं मी विचारलं. यजमान म्हणाले, "लिही, पहिल्याच प्रश्नाला त्याने खरं सांगितलं होतं." मग म्हणाले, "आणि कुठे आरोपी असं लिहिलं असशील तर खोड. गोलकीपर लिही."