पत्र्यापलीकडची मॅच

त्या बाजारच्या दिवशी पत्रा वाजला नाही. मी वाट बघत होते. मशीनखाली शाळेच्या शर्टाची कॉलर होती, दोरा दोनदा तुटला होता आणि माझा एक कान सवयीनं डाव्या बाजूच्या पत्र्याला लागलेला होता. पत्र्याच्या त्या अंगाला बालाजीभाऊचं सलून, या अंगाला माझं शिलाईचं दुकान. जवळा बाजारच्या रस्त्यावर असे पत्र्याचे गाळे एका ओळीत आहेत, एकानं शिंक दिली तर शेजारचा सत्य म्हणतो. मॅच सुरू व्हायच्या आधी बालाजीभाऊ कात्रीच्या मुठीनं पत्र्यावर ठकठक करायचा, म्हणजे, वहिनी, आता मशीन थांबवा. त्या दिवशी ऊन पार दुकानात आलं तरी ठकठक नाही. मग अत्तर-सुरमा विकणारे गुलाबचाचा पायरीशी येऊन उभे राहिले. पेटी खांद्यावर तशीच होती, उतरवली नव्हती. "बेटी, मशीन बंद कर," ते म्हणाले. मी म्हटलं, "काहून चाचा?" तर म्हणाले, "बालाजी नहीं रहा. सुबह चाय पीते पीते... कप भी हाथ में ही था." मी मशीन बंद केलं नाही. पाय आपला चालतच राहिला, सुई कापड सोडून पुढे गेली आणि दोरा नुसताच गुंतत बसला.

पुरवणीत लिहायची माझी ही पहिलीच वेळ. एरवी पेपरचा माझ्याकडे उपयोग ब्लाउजचे नमुने कापायला. पण बालाजीभाऊबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि त्याला माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नाही. बघितलं मात्र कमीच. सलूनमध्ये बाईमाणूस जात नाही, त्यामुळे मला तो आठवतो तो आवाज म्हणून. जाडाभरडा, थोडा बसका, मध्येच खाकरणारा आवाज. माणूस गेला की चेहरा आठवून रडतात, माझी पंचाईत अशी की मला पत्रा दिसला की रडू येतं.

त्याच्या भिंतीवरच्या टीव्हीत ती मालिका कशी लागली, देव जाणे. मोबाईलच्या रिचार्जबरोबर काहीतरी फुकट मिळालं होतं, एवढं कळलं. विलायतेतल्या कुठल्याशा बारक्या गावातला एक फुटबॉल क्लब, त्याची खरीखुरी गोष्ट. मोठ्या टीमांच्या पार खालच्या पायरीवरचा क्लब, त्यातही शेवटून मोजायचा. हरले तर आणखी खाली जाणार, असं सगळं. आमच्या बाजाराला याचं काय सोयरसुतक? पण त्यांचा शर्ट निघाला पिवळाधमक, अस्सल हळदीचा रंग. धान्याच्या मोंढ्यातला हमाल माधव अर्ध्या दाढीनं ओरडला, "आबे, हे तर आपलेच हायत! कुरुंद्याची हळद!" झालं. त्या दिवसापासून त्या क्लबाचं नाव ‘हळदीवाले’ पडलं. त्याचं खरं नाव आजही आमच्यात कोणाला धड घेता येत नाही.

बालाजीभाऊला इंग्रजी येत होतं ‘येस’, ‘नो’ आणि ‘कटिंग’ एवढंच. पण तो सगळं सांगायचा. टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात कोणाचं तरी नाक धरून सांगत सुटायचा. "हा मास्तर बघा, काल बायकोसंगं भांडून आलेला हाय. तोंड बघा की! आज पोरांयला शिव्या पडणार." कोच त्याचा ‘मास्तर’ होता. उंच गोलकीपर ‘उंटाड्या’. आणि सगळ्यांत लाडका होता तात्या. खेळाडूंचे कपडे धुणारा, बूट पुसणारा, मैदानावर पाण्याचे कॅन नेणारा एक म्हातारा. "ह्या तात्याबिगर क्लबाचं पानबी हालत न्हाई," बालाजीभाऊ सांगायचा. इतक्या मोठ्यानं सांगायचा की माझ्या कपाटावरचे दोऱ्याचे रीळ थरथरायचे. गुलाबचाचांना कमी ऐकू येतं म्हणून हा ओरडतो, अशी माझी समजूत होती.

मी शिवत शिवत ऐकायचे आणि मला दिसायचं. मोंढ्याच्या मागचं माळरान, त्यावर हळद वाळत घातलेली, हळद शिजवायच्या कढईतून निघते तशी वाफ खाली उतरलेली, त्या वाफेतून पिवळे पोरं पळताहेत... आणि कडेला तात्या. माझ्या मनातला तात्या धोतर नेसायचा. डोक्याला पटका, खांद्यावर पाण्याचा कॅन. विलायतेत कोण धोतर नेसतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण डोळे मिटले की तो तसाच यायचा, वाफेतून हळूहळू, चपला वाजवत. दुपारची झापड यायची, मशीनवर डोकं टेकायचं आणि पत्र्यापलीकडून "मार! मार! अरं मार की लेका!" असा गलका उठायचा. जागी आहे की झोपेत, कळायचं नाही. ते दिवस आठवले की अजूनही अंगावरून काहीतरी मऊ फिरल्यासारखं होतं.

याच दिवसांत आमच्या घरावर ते आलं. माझे मालक जवळा ते औंढा जीप चालवायचे. सोयाबीनच्या सुगीत एका सकाळी जीपला चावी लावतानाच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, जीभही जड झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी हात हलवायचा व्यायाम सांगितला, रोज करा म्हणाले. पण यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. हातात रबरी चेंडू दिला की फेकून द्यायचे. मी समजावलं, रडले, भांडले. एकदा तर म्हटलं, "नका करू! मीबी शटर ओढते अन् बसते तुमच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून." आणि खरंच तसं करायचं माझ्या मनात येऊन राहिलं होतं. दुकान बंद करायचं, मशीन विकून टाकायचं. कोणासाठी शिवायचं?

बालाजीभाऊनं एके दिवशी न विचारताच यांना उचललं. पाठुंगळी घेऊन सलूनमध्ये नेलं, खुर्चीत बसवलं आणि पत्र्यातून म्हणाला, "वहिनी, बाजारच्या दिवशी दादा माझ्याकडं. दाढीचे पैसे विचारले तर ह्याच वस्तऱ्यानं तुमच्या कैचीची धार मोडीन." तेव्हापासून दर बाजारी हे पलीकडे, मी अलीकडे. मध्ये पत्रा.

आणि मग मालिकेतही तेच घडलं. बालाजीभाऊचा आवाज एकदम खाली आला. "तात्या पडला. मैदानातच. वारं गेलं वाटतं अंगावरून..." माझ्या हातात कोणाचं तरी लुगडं होतं, ते तसंच राहिलं. त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही. हसाल तुम्ही, पण मी त्या म्हाताऱ्यासाठी मेणबत्ती लावली. मनात एकच घोकत होते, तात्या उठला तर आमचे हे उठतील, तात्या गेला तर... पुढचं मी घोकलं नाही.

पुढच्या बाजारी ठकठक झाली. मी मशीन थांबवलं आणि पत्र्याला पाठ लावून खाली बसले. पलीकडे शांतता. इतकी की रस्त्यावरचा भेळवाला कांदा चिरत होता, तो ऐकू आला. सलूनमध्ये एवढी माणसं असून कोणी हुं की चूं नाही. मग बालाजीभाऊ खाकरला. एकदा, दोनदा. आणि मोठ्यानं म्हणाला, "तात्याला सुट्टी झाली दवाखान्यातून! घरी आणलं!" गुलाबचाचा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शुक्र है," आणि दाढी न करताच निघून गेले. मी पायरीवरून बघितलं, ते उपरण्यानं डोळे पुसत होते. मला वाटलं, आनंदाचे असतील. मीही पुसत होतेच की.

त्यानंतर तात्या दर बाजारी थोडा थोडा बरा होत गेला. "आज त्यानं रिकामा गिलास उचलला." मी घरी येऊन यांच्या उजव्या हातात रिकामा ग्लास दिला. म्हटलं, "तात्या उचलून राहिला, तुमाला काय धाड भरली?" यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. आणि फेकला नाही. बोटं थरथरली, ग्लास खाली पडला, पण फेकला नाही हो! मग तात्यानं पाणी भरलेला ग्लास उचलला, आम्हीही. तात्यानं तांब्या उचलला, आम्हीही. हळद निघाली तोवर हे काठी धरून स्वतःच्या पायानं सलूनमध्ये जायला लागले. जीभ अजून अडखळते, पण अडखळत का होईना, शब्द येतात. मी बालाजीभाऊला म्हणायचे, "तुमच्या तात्याचे लई उपकार झाले." तो पत्र्यापलीकडून नुसता हसायचा. "तात्या माणूसच तसा हाय, वहिनी."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी माझी लेक पल्लवी नांदेडहून आली. नर्सिंगला आहे, इंग्रजी समजतं. तिला म्हटलं, ती मालिका लाव बाई, एकदा तरी डोळ्यांनी बघू दे. बालाजीभाऊची आठवण म्हणून बघायची होती. पहिल्यांदा हसूच आलं. तात्या कसला, गुलाबी गालाचा, अर्ध्या चड्डीतला म्हातारा! मैदानही हिरवंगार, हळद नाही की वाफ नाही. पण पिवळा शर्ट तोच. बघत गेले. तात्या पडला. गाडी आली, दवाखाना आला. पुढचा भाग लावला... मैदानावर सगळे खाली मान घालून उभे. दंडाला काळी फीत. कडेला रिकामी खुर्ची, तिच्यावर पिवळा मफलर. पल्लवी म्हणाली, "आई, वारले ते. रात्रीच वारले, असं सांगून राहिले." मी म्हटलं, नीट ऐक. तिनं पुन्हा ऐकलं. तेच.

मला रडू नाही आलं, राग आला. असा राग, की बालाजीभाऊ समोर असता तर कापड मोजायच्या गजानं हाणला असता. खोटारडा मेला! महिनोन् महिने मेलेल्या माणसाच्या हातात ग्लास देत होता, तांब्या देत होता! आणि मग दुसरा विचार आला. यांना कळलं तर? ज्या तात्याच्या जिवावर माझा माणूस उठून बसला, तो तात्याच नव्हता असं कळलं, तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. पल्लवीला बजावलं, बाबांसमोर एक अक्षर काढायचं नाही.

ती गेल्यावर दोनच दिवसांनी हे म्हणाले, "लाव... हळदीवाले." माझ्या मोबाईलवर ती लावून ठेवून गेली होती. काय करणार? लावलं. आवाज बारीक केला आणि बालाजीभाऊसारखं सांगायला बसले. मान घालून उभे राहिलेले आले, तेव्हा म्हटलं, "हे बघा, तात्या बरा व्हावा म्हणून सगळे हात जोडून ऱ्हायले." यांनी मोबाईल पालथा घातला. हसत होते.

"गेला... तो. तवाच," हे म्हणाले. "मला डोळे... न्हाईत का?"

बरोबर होतं की. टीव्ही भिंतीवर होता, सगळ्यांच्या समोर. यांनी बघितलं होतं, माधवनं बघितलं होतं, चाचांनी बघितलं होतं. फीत, खुर्ची, मफलर, सगळं. बघितलं नव्हतं ते फक्त मी, पत्र्याच्या अलीकडं बसून.

"बालाजीनं... बोट ठेवलं. असं." यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "म्हणला, वहिनी... ऐकून राहिली. कोणी... बोलायचं न्हाई."

"अन् तुमी? ग्लास काहून उचलला मग?"

"तू..." शब्द सापडायला त्यांना वेळ लागला. "तू हसत आली ना... घरी. लई दिसांनी."

पुढच्या बाजारी मी पहिलं काम केलं ते गुलाबचाचांना गाठायचं. म्हटलं, "चाचा, खरं सांगा, तुमचे कान कसे हायत?" म्हातारा गालात हसला. "अल्लाह का करम है बेटी, सुई गिरे तो भी सुनाई देता है." एवढ्या माणसांनी, एवढे बाजार, एकानंही तोंडातून चुकून शब्द जाऊ दिला नाही. बाजारात दोन रुपयांची गोष्ट पोटात न ठेवणारी माणसं ही! आणि बालाजीभाऊ ओरडत होता तो माझ्यासाठी. पत्र्याच्या पार पोचावं म्हणून. मला आभार मानायचे राहिले, आणि शिव्या द्यायच्याही राहिल्या. दोन्हींचं आता काय करू ते समजत नाही.

सलून आता त्याचा थोरला भाऊ उघडतो, फक्त बाजारच्या दिवशी. तो मुका नाही, पण बोलत नाही, मुकाट दाढी करतो. टीव्ही चालू असतो, त्याचं इंग्रजी नुसतंच भिंतीवर आपटत असतं. आमचे हे जातात अजूनही, काठी टेकत. बालाजीभाऊ ठोकायचा त्या जागी पत्र्याला माझ्या बाजूनं एक टेंगूळ आलेलं आहे, नाण्याएवढं. शिवता शिवता त्याच्याकडे लक्ष जातंच.

परवा बाजार होता. लग्नसराईचे ब्लाउज, मान वर काढायला फुरसत नाही. आणि ठकठक झाली. हळू, कात्रीची नाही. बोटांची. एक ठक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मला ओळखायला वेळ लागला नाही. सलूनच्या खुर्चीत बसलं की पत्रा यांच्या उजव्या हाताला येतो.

मी मशीन थांबवलं.

"तात्या... आला," पलीकडून यांचा आवाज आला, सगळं बळ लावून, मोठ्यानं. "ग्राउंडवर... आला."

मला सगळं माहीत होतं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. सलूनमध्ये कोणी हुं की चूं केलं नाही. मी पत्र्याला पाठ लावून खाली बसले आणि विचारलं, "काय करून राहिला?"

"कॅन," हे म्हणाले. "भरलेला... उचलला."