आप्पांच्या शक्तिमानची खांदेमळणी

भैरू आप्पांना वडगाव रासाईत कुणी तोंडावर वेडं म्हणत नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पाठीमागं मात्र सगळा गाव म्हणतो. मी त्यांचा शेजारी, मीही म्हणतो. लष्कराच्या लिलावातून आणलेला शक्तिमान ट्रक ज्याच्या दारात वर्षानुवर्षं उभा आहे आणि जो सकाळचा चहा घेण्याआधी त्याच्या बॉनेटवरून हात फिरवून येतो, त्याला दुसरं काय म्हणायचं?

आप्पांचं घराणं मेंढपाळांचं. मेंढरं हाकत हाकत भीमाकाठी आले आणि इथंच शेती करून राहिले. पुढं मेंढरं विकली तेव्हा लोकांना वाटलं, आता हा बैलजोडी घेईल. यांनी ट्रक आणला. त्या ट्रकनं वरवंडपासून शिरूरपर्यंत लेंडीखत वाहिलं, कांदा वाहिला, अर्ध्या गावाची वऱ्हाडं वाहिली. त्यांच्या संपतची नवरीसुद्धा यातूनच आली. सून पूनमनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं ते नंतर, आधी ट्रकचा फाळका ओलांडला.

आता ट्रकला काम उरलं नव्हतं आणि संपतला त्या जागी ट्रॅक्टरसाठी शेड बांधायची होती. घरात रोज धुसफूस. शेवटी संपतनंच तोडगा काढला. "आप्पा, शिक्रापूरला रविवारी जुन्या आन् मिलिटरीच्या गाड्यांचा मेळावा हाय. तिथं पयल्या नंबराची ढाल मिळाली तर ऱ्हाऊ द्या दारात. न्हाई मिळाली तर सोमवारी भंगारवाला."

"ठरलं," आप्पा म्हणाले. बापलेक दोघंही हेकट, पण दिल्या शब्दाचे पक्के.

पूनमनं मोबाइलवर नियम वाचून दाखवले: मूळ रूप हवं, मूळ रंग हवा, शेवटी सगळ्या गाड्यांची मिरवणूक. आप्पांनी आठवडाभर घासून पुसून तो लष्करी हिरवा रंग लखलखीत केला. पण नियम ऐकले आप्पांनी आणि संपतनं. तानुमामी, म्हणजे आप्पांची बायको, तेव्हा मळ्यात होत्या.

रविवारी पहाटे मामींनी मागवलेला झेंडू घेऊन मी गेलो आणि बघतच राहिलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात, तसं मामींनी अख्खं बॉनेट मळून काढलं होतं. दारांवर गेरूचे ठिपके. बंपरची दोन्ही टोकं शिंगांसारखी लाल. वर बैलाची जुनी झूल.

"मामी, हे काय केलं?"

"मिरवणुकीला निघालाय न्हवं त्यो? बैलाचे खांदे मळायचे, आन् ह्यो काय परका हाय?"

पूनमनं कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना. पण उशीर झाला होता, निघावंच लागलं.

मैदानावर जीपा, लष्करी ट्रक, साइडकारवाली मोटारसायकल, सगळं शिस्तीत उभं होतं. त्यात आमचा नवरदेव शिरला. शिक्रापूरच्या कंपन्यांतली परप्रांतीय पोरं धावली, "चाचा, एक फोटो!" बाकीच्या गाड्यांकडे कुणी बघेना.

परीक्षक निवृत्त कर्नल होते. बॉनेट उघडून बघितलं, खाली वाकले, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि खूश झाले. मग म्हणाले, "आप्पा, इतकी जपलेली गाडी इथं दुसरी नाही. पण ही सजावट नियमात बसत नाही. तासाभरात उतरवलीत तर ढाल तुमचीच."

मामींचा चेहरा पडला. "माझंच चुकलं. आणा फडकं, मी पुसते."

"तू थांब," म्हणत आप्पांनी ओलं फडकं उचललं. ट्रक वाचवायचा तर पुसायलाच हवं होतं. त्यांनी एकदा हात फिरवला. पिवळा ओघळ दिव्यावरून खाली आला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. एरवी त्यांची टिंगल करणारा मी, मला तिकडं बघवेना.

संपत तरातरा आला आणि त्यानं फडकं हिसकावून घेतलं. मला वाटलं, आता हा भराभर पुसून मोकळा होणार. त्यानं फडकं बादलीत भिरकावलं.

"आप्पा, मिरवणूक व्हायच्या आधी बैलाची झूल काढत्यात का कुठं?"

"आरं, पण ढाल..."

"ऱ्हाऊ द्या. साहेब, आमचा नंबर काढू नका. नुसतं रांगंत मागं येतो."

"या की!" कर्नल मनापासून हसले.

मिरवणुकीत आमचा ट्रक सगळ्यात शेवटी होता. आप्पा स्टिअरिंगवर, शेजारी मामी, मागं उभे राहून आम्ही झेंडू उधळतोय. ढाल एका जीपवाल्याला मिळाली आणि आम्हीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. इतकं मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

घरी आल्यावर आप्पा खाली उतरले, किल्ली संपतपुढं धरली. "घे. उद्या कवा येणार हाय त्यो भंगारवाला?"

संपतनं किल्ली घेतली नाही. खिशातून फोन काढून भंगारवाल्याला लावला आणि सगळ्यांसमोर बोलला, "मामा, उद्या येऊ नगा. न्हाई, इकायचाच न्हाई."

"आरं, शब्द ठरला व्हता," आप्पा म्हणाले.

"माझा व्हता, मीच मोडला. शेड बांधायचीच हाय, पर ह्याच्यावर. ट्रॅक्टर ऱ्हाईल उन्हात."