चिंध्याचा घास

सुनंदाबाईंची स्वच्छता म्हणजे गावाला धाक होता. रावेरकडचं केळीचं गाव, चिकाचे डाग पडलेल्या कपड्यांनी माणसं फिरायची; पण बाईंच्या ओट्यावर पाय धुतल्याशिवाय पाहुण्यालाही चहा मिळत नसे. अशा घरात माकड आलं, ते मुलाच्या कृपेने.

तेजसने ते पुण्यात हौसेने घेतलं होतं. मुठीएवढं, कानांवर पांढरे झुपके, जात परदेशी. सून हेमांगी म्हणाली, पोराला त्याचा काही आजार लागला तर? झालं, माकडाची गावी रवानगी. म्हाताऱ्यांना लागला तर चालेल, असं अर्थातच ती म्हणाली नाही.

बाईंनी त्याचं नाव चिंधा ठेवलं. जे लेकरू जगावं असं वाटतं, त्याला टाकाऊ नाव दिलं की नजर लागत नाही, मरणही वळून बघत नाही, ही जुनी रीत. शिवाय नियम केला: चिंध्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. त्यांचे यजमान जीवरामनाना धुऊन धुऊन बेजार झाले. हात लावण्याआधी धुवावेत, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. रोगराई जनावराकडून माणसाकडे यायची, उलटं कुणी ऐकलं होतं?

बाईंचं एक दुखणं वेगळंच होतं. मागे नातवाला त्या आपल्या तोंडात मऊ केलेला केळ्याचा घास भरवायला गेल्या, तेव्हा हेमांगीने त्यांचा हात हळूच बाजूला केला होता. हळूच केला, म्हणूनच जास्त लागलं. ज्या घासावर तेजस वाढला, तो आता घाण ठरला होता. चिंधा मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायचा आणि घास पुढे आला की दोन्ही हातांनी बोट धरायचा. बाईंना भरून यायचं. पुण्याच्या माणसांपेक्षा याला कळतं, असं त्या नानांना ऐकवायच्या.

चैत्रात त्यांना ताप आला आणि नेहमीसारखा उतरताना ओठावर फुटला. ताप बाहेर पडला, म्हणून त्यांना बरंच वाटलं. घास चालूच होता.

मग चिंध्याने खाणं सोडलं. जिभेवर फोड आले, लाळ गळू लागली. बाईंनी त्याला पदरात घेऊन जळगाव गाठलं. तिथल्या पिंप्राळा भागातल्या जनावरांच्या डॉक्टरला त्यांनी आधी हेच विचारलं, की याचं आम्हाला काही लागणार नाही ना? डॉक्टर त्यांच्या ओठावरच्या खपलीकडे बघत राहिला. मग घास कसा भरवता, ते त्याने विचारून घेतलं.

"आजी, हा रोग माणसाचा आहे," तो म्हणाला. "आपल्याला ओठावर फोड येतो नि जातो. यांना तो झेपत नाही."

त्याने औषध दिलं, आशा दिली नाही. परतताना भुसावळ यायच्या आत चिंधा पदरातच गेला. बाईंनी त्याला परसात केळीच्या बुडाशी पुरलं, आणि हात धुवायचं त्या दिवशी त्या विसरल्या.

चिंधा गेल्याचं कळल्यावर संध्याकाळी हेमांगीचा फोन आला. घर फिनाईलने पुसून घ्या, म्हणाली, आणि काळजीने विचारलं, की आई, तुम्हाला काही झालं नाही ना?

"नई माय," बाई म्हणाल्या. "मले काईच झालं नई."

हेमांगीने फोन नातवाकडे दिला. तो आजी, आजी करू लागला, तेव्हा सुनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि फोन हातभर लांब धरला.