शिऱ्याची वाटी

शिऱ्यात वेलची पडली की मला घाटकोपरच्या आमच्या चाळीतला तो रविवार आठवतो. मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे होता आणि मुलांसाठी खास कार्टून लागलं होतं, म्हणून पोरं फरशीवर दाटीवाटीनं बसली होती. कार्टूनमधल्या सशाला आपल्या वाढदिवसाला खारूताईला बोलवायचं होतं, पण तिचं नाव निघालं की तो कानांनी तोंड झाकून घ्यायचा. "ही पण तश्शीच करते, खालच्या मजल्यावरचा तो दिसला की," माझी मैत्रीण माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली आणि सगळी हसली. तेवढ्यात दार वाजलं. तोच होता. नवा शर्ट, कपाळावर औक्षणाचं कुंकू, हातात शिऱ्याची वाटी. "आज माझा वाढदिवस आहे. कार्टून सुरू झालं का गं?" मी दार अर्धवट धरून म्हटलं, "टीव्ही बिघडलाय." आतून सशाचं गाणं ऐकू येत होतं. त्यानंही ते ऐकलं, वाटी माझ्या हातात दिली आणि "बरं" म्हणून जिना उतरला. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून संध्याकाळी आईनं तिच्यात साखर घालून मला खाली पाठवलं. त्याच्या दारापर्यंत जायचा धीर झाला नाही. जिन्यात बसून मी साखर खाल्ली आणि वाटी दप्तरात लपवली. ती अजून माझ्याकडे आहे. काल लेकीनं तिच्यावर कोरलेलं नाव वाचून विचारलं, "आई, हे कोण गं?" मी म्हटलं, "भांडीवाल्यानं चुकून घातलं असेल."