ओवळा चंद्र

आमच्या घरात एकदा चंद्र ओवळा झाला होता. तो माझ्यामुळे झाला होता, म्हणून ही हकिकत मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. आता रागावणारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा सांगून टाकतो.

तेव्हा आम्ही अंधेरीला, आंबोली गावठाणाच्या कडेला एका बैठ्या चाळीत राहत होतो. घरात माणसं तीन. मी, माझी बायको सुमन आणि माझी आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवलं होतं. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो, पण ते आठवड्याचे सहा दिवस. रविवारी सकाळी मी चाळीच्या ओट्यावर बसून सिनेमांवर मत देत असे. मारामारीच्या चित्रपटांत तर माझा शब्द शेवटचा! "तलवारबाजी उत्तम, पण घोड्यावरचा पाठलाग आखूड," असं मी म्हटलं की लोक त्याप्रमाणे तिकिटं काढत किंवा घरी बसत. (मारामाऱ्या मी बोटांवर मोजत असे. दोन्ही हातांची बोटं संपली की चित्रपट चांगला.)

घरात मात्र या मताला कुणी विचारत नव्हतं. सुमनचं म्हणणं असं, "अहो, त्या हिरॉइनला काम काय असतं हो? मध्यंतरापर्यंत पळवतात आणि मध्यंतरानंतर खांबाला बांधतात. त्यापेक्षा मी घरी तांदूळ निवडत बसेन." आत्या तर असल्या चित्रपटांच्या वाटेलाच जात नसे. तिचं तत्त्व साधं होतं : खोटं बघायला जायचं नाही. पौराणिक चित्रपट ती आवडीने बघे, कारण "ते घडलेलं असतं."

त्या वर्षी रशियाने आकाशात उपग्रह सोडला आणि जो तो रॉकेटवर बोलायला लागला. लगेच आमच्याकडच्या कुणा हुशार निर्मात्याने चंद्रावरचा चित्रपट काढला. नायक रॉकेटमधून चंद्रावर जातो, तिथे चंद्राचा राजा भेटतो आणि दोघांची तलवारीने लढाई होते. (रॉकेट असताना तलवार कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. मी बोटं मोजत होतो.) पहिल्याच दिवशी मी तो पाहून आलो. चौदा मारामाऱ्या! रविवारी ओट्यावर मी जाहीर केलं, "असा चित्रपट झाला नाही. आणि नुसती करमणूक नाही, शास्त्र आहे शास्त्र! ते दगड बघा, ती जमीन बघा. चंद्र म्हणजे चंद्रच!"

हे ऐकून सुमन म्हणाली, "लग्नाला वर्ष होत आलं, एकदाही नेलं नाहीत मला. हा दाखवा. पण आत्याबाईंना एकटं ठेवून मी येणार नाही."

तेव्हा आत्याला पटवणं आलं.

"आत्या, संध्याकाळी चल ना. चंद्रावरचा सिनेमा आहे."

"चंद्रावर कोण गेलंय?"

"गेलेत ना! हे पौराणिक नाही, पण खरं आहे."

"खरं?"

"अगदी खरं. तिथे जाऊन घेतलाय."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण रविवारी मत द्यायची सवय लागलेल्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही.

आत्या आली. लोक शिट्ट्या मारत होते, सुमन माझ्या बाहीला धरून बसली होती आणि आत्या पापणी न हलवता पडद्याकडे बघत होती. घरी येताना मी विचारलं, "काय आत्या, कसा वाटला?"

"पायात बूट होते," आत्या म्हणाली.

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

एवढंच तिचं मत. मला वाटलं, वेशभूषेबद्दल बोलते आहे. मी विषय सोडून दिला.

पुढच्या रविवारी संकष्टी होती. आत्याची संकष्टी कडक. चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही, मग गणपतीला नैवेद्य, चंद्राला अर्घ्य आणि मगच ताट. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. पण गेल्या दोन महिन्यांत तिला उपासाच्या दिवशी चक्कर यायला लागली होती. आदल्या संकष्टीला तर ती परसात खालीच बसली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "उपास सोडणार नसतील तर निदान वेळेवर जेवू द्या. ताण सोसायचा नाही त्यांना." त्यामुळे त्या दिवशी सुमनने दुपारीच मोदकांची तयारी काढली.

चारच्या सुमारास आत्या शांतपणे म्हणाली, "सुमन, तुम्ही दोघं जेवून घ्या हो रात्री. मला आज जेवायचं नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अर्घ्य दिल्याशिवाय मी जेवत नाही. गणपतीला देईन, तिथीला देईन. चंद्राला कसं देऊ? चामड्याचे बूट घालून नाचलेत मेले त्याच्यावर. ओवळा झाला तो."

"अगं आत्या, तो सिनेमा होता!"

"खरा होता. तूच म्हणालास, रम्या."

"मी खोटं बोललो!"

आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "खरं आहे असं म्हणालास तेव्हा तू पोटभर जेवलेला होतास. आता मोदकांचा वास सुटलाय. माणसाने पोट भरलेलं असताना केलेलं बोलणं धरावं."

"अगं, पण उद्या जेवशील ना?"

"उद्या कशी? आजची सुटली नाही तर उद्या कशी जेवेन? आणि पुढच्या महिन्यात काय तो धुऊन येणार आहे?"

हिचा शब्द म्हणजे शब्द. उद्या नाही, परवा नाही, आणि चक्कर तर आजच येणार! सुमनने मोदकाचं पातेलं खाली उतरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी सदरा चढवून बाहेर पडलो.

चाळीच्या टोकाला देसाई मास्तर राहायचे. शाळेत विज्ञान शिकवत. मी त्यांना सगळं सांगितलं आणि हात जोडले, "मास्तर, फक्त एवढंच सांगा, की चंद्रावर कुणी गेलेलं नाही. एक वाक्य!"

"अवश्य," मास्तर म्हणाले. पण एका वाक्यात थांबेल तो मास्तर कसला! आत्यापुढे पाटावर बसून त्यांनी सुरुवात केली, "आत्याबाई, चंद्रावर अद्याप मनुष्य पोचलेला नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"अद्याप," मास्तर पुढे म्हणाले, "परंतु तो दिवस दूर नाही. आता हेच पाहा ना, गेल्या महिन्यात आकाशात कुत्री गेलीच."

"कुत्री?" आत्याने विचारलं.

"कुत्री. रशियाने पाठवली. पेपरात छायाचित्र आहे, आणून दाखवतो."

"मास्तर, नको!" मी ओरडलो.

"का नको? पुरावा आहे," असं म्हणून मास्तर गेले आणि खरोखरच कात्रण घेऊन आले. आत्याने चष्मा लावून कुत्रीचा फोटो निरखला. मग चष्मा काढून मिटला आणि म्हणाली, "बूट तरी परवडले." आणि तिने अर्घ्याची पळी सरळ फडताळात ठेवून दिली.

"अहो, वाट लावलीत ना?" सुमन माझ्याच अंगावर आली. मास्तर निघताना मला हळूच म्हणाले, "जिज्ञासू आहेत हो तुमच्या आत्या." 

सहा वाजले. आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. मी ओट्यावर येऊन डोकं धरून बसलो. इतकं अपराधी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जिने मला भरवून मोठं केलं, तिच्या तोंडचा घास मी एका थापेने काढून घेतला होता. आणि सांगू कुणाला? ओट्यावरून सगळ्या आंबोलीला सांगितलं होतं, चंद्र म्हणजे चंद्रच!

तेवढ्यात पास्कल समोरून आला. गावठाणातला पास्कल जवळच्या एका स्टुडिओत सुतार होता आणि रविवारीही त्याचं काम चालू असे. मी तसा का बसलोय ते त्याने विचारलं. मी सांगितलं. तो पोट धरून हसायला लागला.

"अरे, तो चंद्र मी बांधला ना! बांबू, पोती आणि प्लास्टर. वरून चुलीतली राख मारली."

"तू?" मी उडालोच. "मग मी इथे बसून दगडांबद्दल बोलत होतो तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू इतका रंगात आला होता यार! मधी कशाला बोलू?"

मी त्याचा दंड धरून त्याला आत नेलं. पास्कल सगळ्यांना तू म्हणत असे, आत्यालाही, आणि आत्याला ते चाले.

"आत्याबाय, तू जेव गो. चंद्र खोटा. मी बनवला."

"रम्याने शिकवून आणलं तुला," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

"शप्पथ नाय! चंद्राचा एक तुकडा घरी हाय माझ्या. सेट तोडला तेव्हा आणला. कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलाय, वारा लागू नये म्हणून."

आत्याने डोळे उघडले. "आण," ती म्हणाली.

तुकडा म्हणजे मला वाटलं, हातात मावेल. प्रत्यक्षात तो दाराएवढा निघाला! पास्कलने पुढून धरला, मी मागून. वर राख, त्यावर कोंबड्यांनी केलेली घाण, आणि गावठाणातून चाळीपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं. "काय रे हे?" कुणीतरी विचारलं. "चंद्र!" पास्कल ओरडला. झालं! आम्ही परसात पोचेस्तोवर आंबोलीतली चाळीसेक माणसं मागे होती. एक म्हातारे गृहस्थ तर कुंपणातून हात घालून त्याला स्पर्श करून नमस्कार करून गेले. देसाई मास्तर भिंग घेऊन आले होते.

आत्या कंदील घेऊन बाहेर आली. तिने चंद्रावर टिचकी मारली. वास घेतला आणि नाक धरलं. मग वाकून मागची बाजू पाहिली. तिथे पोत्यावर लाल अक्षरांत गव्हाचं वजन छापलेलं होतं.

"हं," आत्या म्हणाली. "चंद्रावर गहू नसणार."

"नाय ना!" पास्कल म्हणाला.

"पण हा बांधताना तू बूट घालून चढला होतास?"

"प्लास्टर ओलं होतं आत्याबाय. अनवाणीच."

"बरं केलंस." मग ती माझ्याकडे वळली. "आणि कुत्रीचं काय?"

"आत्या, ती चंद्रावर गेलीच नाही! नुसती पृथ्वीभोवती फिरली. विचार मास्तरांना. मास्तर, या वेळी खरोखर एकच वाक्य!"

मास्तरांनी भिंग खाली केलं आणि म्हणाले, "चंद्रापासून पुष्कळ अलीकडे." त्यांनी पुढचं वाक्य कसं आवरलं ते त्यांनाच ठाऊक.

आत्याने कंदील खाली ठेवला. "ठीक आहे. रम्या, ओट्यावर जा. ही सगळी माणसं तुझ्या मतावर सिनेमाला गेलेली आहेत. त्यांना सांग."

"आत्ता? आत्या, चंद्र उगवायला आलाय."

"म्हणूनच आत्ता."

मी ओट्यावर चढलो. अंगावर राख, सदऱ्याला कोंबड्यांचा प्रसाद. मी घसा खाकरून म्हणालो, "मंडळी, चंद्रावरचा तो चित्रपट खोटा आहे. चंद्र आपल्या पास्कलने बांधलाय. मला काही कळत नाही." शेवटचं वाक्य आत्याने सांगितलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. गर्दीतून आवाज आला, "मग मारामाऱ्या चौदा आहेत ते तरी खरं ना?" मी हो म्हणालो, तेव्हा काही लोकांना बरं वाटलं.

नवाच्या सुमाराला चिंचेमागून चंद्र वर आला. खरा. आत्याने फडताळातली पळी काढून अर्घ्य दिलं आणि जेवायला बसली. पहिला मोदक तिच्या पोटात जाईपर्यंत मी आणि सुमन नुसते तिच्याकडे बघत होतो. पास्कलने ओट्यावर बसून अकरा मोदक खाल्ले आणि असा चंद्र दर महिन्याला बांधायची तयारी दाखवली. आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि मला एकदम रडायलाच आलं.

"आत्या," मी म्हणालो, "आता वय झालं तुझं. पुरे झाल्या संकष्ट्या. उद्यापन करून टाकू या."

"नवस फेडल्याशिवाय कसं उद्यापन करायचं?"

"नवस? कसला नवस?"

"तू मॅट्रिकला बसलास ना, तेव्हा बोलले होते गणपतीला. रम्याला अक्कल आली की उद्यापन करीन."

मला हसूच आलं. "अगं, मग मी पास झालो की! तेव्हाच का नाही केलंस?"

आत्याने उरलेल्या मोदकावर तूप वाढून घेतलं.

"पास झालास रे," ती म्हणाली. "मी परीक्षेबद्दल नव्हते बोलले."

त्यानंतर आत्या पुष्कळ वर्षं जगली. उद्यापन झालं नाही.