मोकळा अंगठा
नातीला न्हाऊ घालून ओव्याची धुरी दिली की मला धाराशिवच्या घरातली ती दुपार आठवते. वडील कचेरीत कारकून, आई आजारातून नुकतीच उठलेली, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला माकणीकडची एक बाई आमच्याकडंच राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती भिंतीला टेकायची आणि सकाळच्या धुरीचा वास घेऊन झोळी हलू लागली, की सगळं घरच झोके घेतंय असं वाटायचं. "झोपा काढते ही, आज कामावरून काढूनच टाकते," असं पुटपुटत आईनं त्या दुपारी बाळाला अलगद उचललं आणि मला दोरी सोडायला सांगितली. मी हलक्या हातानं सोडली. मावशीचे डोळे मिटलेलेच होते, पण मोकळा अंगठा त्याच लयीत हलत राहिला. "निज गं बाय, म्या आलेच," ती झोपेत म्हणाली. झोळीतला तर माझा भाऊ. वर्षाची लेक मावशीनं गावाकडं सासूजवळ ठेवली होती. आई भावाला छातीशी धरून खालीच बसली. "उठवू नको गं तिला," एवढंच म्हणाली. आता नातीला सांभाळणारी बाई दुपारी पेंगते, सून मला डोळ्यांनी खुणावते, आणि मी आधी त्या बाईचा पाय बघते.